मुंबईहून इंदूरला आलेला खाऱ्या पाण्यातला मासा टाकीत कसा सोडावा

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कुर्ल्याच्या बाजारातून घेतलेला मासा दादरच्या घरी तासाभरात पोहोचतो. तोच मासा इंदूरला यायचा झाला, तर नाशिक, धुळे, सेंधवा करीत आग्रा महामार्गाने रात्रभराचा प्रवास होतो आणि दुकानात पिशवी बांधली गेल्यापासून राजेंद्रनगरातल्या घरी ती उघडली जाईपर्यंत पंधरा-सोळा तास सहज उलटतात. नवा मासा टाकीत सोडण्याविषयी जो सल्ला सर्वत्र दिला जातो, तो बहुधा तासाभराच्या प्रवासाला धरून दिलेला असतो: पिशवी उघडावी, पाणी बादलीत ओतावे, टाकीतून बारीक नळी लावून थेंब थेंब पाणी सोडावे आणि दीड-दोन तासांनी मासा टाकीत घालावा. इतक्या लांबून आलेल्या माशासाठी ही पद्धत घातक ठरू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यामागची कारणे इंदूर-उज्जैन-देवासकडच्या मत्स्यप्रेमींनी समजून घ्यावीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बंद पिशवीत मासा श्वास घेत असतो, तेव्हा त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळत जातो आणि पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो उतरला की आम्लता वाढते) उतरू लागतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२च्या आसपास असतो, तो लांबच्या प्रवासानंतर ७पर्यंत किंवा त्याच्याही खाली गेलेला आढळतो. त्याच वेळी माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडून पिशवीत साठत राहतो. पीएच उतरलेल्या पाण्यात हा अमोनिया बहुतांशी अमोनियम या स्वरूपात राहतो आणि ते स्वरूप माशाला फारसे अपाय करीत नाही, म्हणजे ज्या घाणीने मासा मरावा, तिची धार पिशवीतले आम्लच बोथट करून ठेवते. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जाऊ लागतो, पीएच चढतो आणि अमोनियमचे पुन्हा विषारी अमोनियात रूपांतर होऊ लागते. पीएच एका अंकाने वाढला की विषारी भागाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते. अशा पाण्यात आपण वरून टाकीचे ८.२ पीएचचे पाणी थेंब थेंब घालतो, शिवाय हवेची नळीही सोडतो, तेव्हा रात्रभर तगलेल्या माशाला शेवटच्या दोन तासांत आपणच विषात उभे करतो. कल्ले भाजलेला असा मासा त्या दिवशी पोहताना दिसतो आणि दोन-तीन दिवसांनी मरतो; दोष मात्र दुकानदाराला किंवा प्रवासाला दिला जातो.

मग पिशवी उघडल्यावर मासा लगेच टाकीत सोडावा का? तापमान आणि क्षारता ही दोन्ही जुळत असतील तर निःसंशय सोडावा. पीएचमधला फरक मासा बऱ्यापैकी सहन करतो. क्षारतेतला फरक, विशेषतः कमी क्षारतेतून जास्त क्षारतेत जाणे, त्याला फार जड जाते. समुद्री माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतात. त्यामुळे त्याच्या शरीरातले पाणी सतत बाहेर ओढले जाते आणि ती तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पीत राहतो व जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. भोवतालचे पाणी अचानक अधिक खारे झाले, तर हे काम त्याच्या आवाक्याबाहेर जाते आणि पाण्यात राहूनही मासा शुष्क होत जातो. उलट दिशेचा, म्हणजे अधिक खाऱ्यातून कमी खाऱ्यात जाण्याचा बदल तो बराच सहज सोसतो.

आता अडचण अशी की मीठ वाचावे आणि परजीवींचा जोर कमी राहावा म्हणून अनेक दुकाने माशांच्या टाक्या १.०१८ ते १.०२२ विशिष्ट गुरुत्वावर (शुद्ध पाण्याच्या तुलनेत पाणी किती जड, म्हणजेच किती खारे, हे सांगणारा आकडा) ठेवतात, आणि घरची प्रवाळशैलीची टाकी १.०२५ किंवा १.०२६वर असते. दोन तासांच्या थेंबांनी ही दरी भरून निघत नाही, कारण माशाच्या शरीराला जुळवून घ्यायला तासांऐवजी दिवस लागतात. म्हणून जुळवणी पिशवीत किंवा बादलीत करू नये, ती विलगीकरणाच्या टाकीत, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवण्याच्या टाकीत, सावकाश, काही दिवसांत करावी. मासा मागवण्यापूर्वी दुकानदाराला फोन करून त्याच्या टाकीतले विशिष्ट गुरुत्व विचारून घ्यावे आणि आपली विलगीकरणाची टाकी आधीच त्या आकड्यावर आणून ठेवावी. तो अंदाजाने आकडा सांगत आहे असे वाटले, तर रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजण्याच्या उपकरणाने) मोजून सांगण्याची नम्रपणे विनंती करावी. चांगला दुकानदार याचा राग मानत नाही. आपला रिफ्रॅक्टोमीटरही प्रतिहजार ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणावर जुळवलेला असावा, कारण केवळ शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारे उपकरण खाऱ्या पाण्यात चुकीचा आकडा दाखवू शकते.

विलगीकरणाची टाकी साधी असावी. लहान माशासाठी पन्नास-साठ लिटरची काच, एक हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे आणि एक स्पंज फिल्टर एवढे पुरते. वाळू आणि दगड घालू नयेत, कारण पुढे परजीवींसाठी तांब्याचे औषध द्यावे लागले तर ते दगड-वाळूत शोषले जाते. स्पंज मात्र काही आठवडे आधीपासून मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवून जिवाणूंनी भरू द्यावा, नाहीतर पिशवीतल्या अमोनियातून वाचलेला मासा नव्या टाकीतल्या अमोनियात सापडतो. पाण्याच्या बाबतीत इंदूरकरांनी आळस करू नये. जलूदहून जवळजवळ ७० किलोमीटर उपसून आणलेले नर्मदेचे पाणी पिण्यासाठी क्लोरीनने शुद्ध केलेले असते आणि पुष्कळ घरांत त्यात बोअरचे कठीण पाणी मिसळते. आरओ (सूक्ष्म पडद्यातून गाळणे) आणि डीआय (उरलेले क्षार काढणारी गाळणी) या दोन्हींतून काढून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्यावर आल्याची खात्री केल्याशिवाय त्यात समुद्री मीठ घालू नये. मीठ घातल्यावर ते पाणी एक दिवस पंप लावून फिरू द्यावे.

पिशवी कशी बांधली जाते याकडेही लक्ष द्यावे, कारण अर्धे यश तिथेच ठरते. प्रवासापूर्वी माशाला एक-दोन दिवस उपाशी ठेवलेले असावे; पोट रिकामे असले की विष्ठा आणि अमोनिया दोन्ही कमी होतात. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश शुद्ध ऑक्सिजन असावा. प्रेमापोटी पिशवी पाण्याने भरून घेणारे लोक मी पाहिले आहेत; त्यांनी माशाचा श्वास तोडलेला असतो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे. पिशव्या एकात एक दोन असाव्यात, तळाचे कोपरे रबरबँडने बांधलेले असावेत म्हणजे लहान मासा कोपऱ्यात अडकत नाही, आणि एका पिशवीत एकच मासा असावा. वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत ठेवली की अंधारात मासा शांत राहतो व ऑक्सिजनही कमी वापरतो.

ऋतूचा विचार माळव्यात करावाच लागतो. मे महिन्यात इंदूरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, आणि बसच्या सामानकक्षात त्याहूनही वाईट अवस्था असते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. मी स्वतः एप्रिल-मे-जूनमध्ये मासे मागवत नाही. दिवाळीच्या आसपासचे आठवडे सर्वांत सुरक्षित वाटतात. उन्हाळ्यात मागवणे अटळच असेल, तर गोठवलेली लहान बाटली कागदात गुंडाळून पेटीच्या कडेला ठेवावी, ती पिशवीला थेट टेकू देऊ नये.

पेटी घरी आली की खोलीतले दिवे मंद करावेत. न उघडलेली पिशवी विलगीकरणाच्या टाकीवर पंधरा-वीस मिनिटे तरंगू द्यावी, तेवढ्यात तापमान जुळते. मग पिशवी कापून लगेच तिच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व मोजावे. टाकीशी फरक ०.००१-०.००२च्या आत असेल, तर मासा हलकेच प्लास्टिकच्या डब्यात घ्यावा आणि टाकीत सोडावा. जाळे टाळावे, कारण एंजलफिशच्या कल्ल्याजवळचा काटा आणि टँगच्या शेपटीजवळचे पाते जाळ्यात अडकून जखम होते. पिशवीतले पाणी टाकीत एक थेंबही जाऊ देऊ नये. दुकानदाराने सांगितलेला आकडा चुकीचा निघाला आणि पिशवीतले पाणी बरेच कमी खारे असले, तर टाकीतले काही पाणी काढून त्याऐवजी आरओचे पाणी, त्याच तापमानाचे करून, घालावे. म्हणून असे पाणी हाताशी तयार असावे. ही दोन मिनिटांची कृती माशाला बादलीत तासभर ठेवण्यापेक्षा कितीतरी हिताची आहे.

पहिल्या दिवशी दिवा लावू नये आणि खायलाही घालू नये. दुसऱ्या दिवशी थोडे आर्टेमिया किंवा गोठवलेले मायसिस (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव) द्यावे, उरलेले काढून घ्यावे, आणि अमोनिया रोज तपासावा. क्षारता रोज ०.००१ने वाढवत न्यावी: बाष्पीभवनाची भरपाई गोड्या पाण्याऐवजी खाऱ्या पाण्याने करीत गेले, तरी ती आपोआप चढते. १.०२०वरून १.०२५वर यायला अशा रीतीने पाच-सहा दिवस लागतात आणि मासा या काळात व्यवस्थित खाऊ लागतो.

त्याला तिथे किमान चार आठवडे ठेवावे, असा माझा आग्रह आहे. क्रिप्टोकॅरिऑन हा पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी काही दिवस माशाच्या अंगावर काढतो, मग गळून तळाशी चिकटतो आणि तिथून पुन्हा नवी पिले सोडतो. ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग गेला असे समजणारे लोक नेमके याच टप्प्यावर मासा मुख्य टाकीत हलवतात. तांब्याचे औषध द्यायचे तर याच टाकीत, पाण्यातले तांबे मोजण्याचे किट जवळ ठेवून द्यावे. मुख्य टाकीत ते कधीच घालू नये, कारण कोळंब्या, खेकडे आणि शंख त्यात जगत नाहीत.

याच अपृष्ठवंशी जिवांच्या बाबतीत मात्र थेंबांची पद्धत योग्य आहे. कोळंबी आपल्या शरीरातले क्षार माशाइतके काटेकोर सांभाळू शकत नाही आणि क्षारतेच्या झटक्याने लवकर मरते. ती अमोनियाही कमी सोडते, त्यामुळे तिच्या पिशवीत विषाचा साठा तितका नसतो. तिला दोन तास सावकाश द्यावेत.

काय मागवावे याविषयीही थोडे. घोडमासे आणि प्रवाळ हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यामुळे कुणी 'लपवून पाठवतो' म्हणाला तरी ते घेऊ नयेत. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेल यांच्या अनेक जातींचे बंदिस्त प्रजनन साध्य केले आहे. असे टाकीत जन्मलेले मासे मिळत असतील तर थोडे महाग घ्यावेत. ते कोरडे खाद्य खातात आणि प्रवासही चांगला सोसतात.

विलगीकरण संपल्यावर दोन्ही टाक्यांची क्षारता एकच असते, म्हणून मुख्य टाकीत सोडताना फक्त तापमान जुळवावे लागते. राहतो तो जुन्या रहिवाशांचा प्रश्न. डॅमसेल आणि टँग आपापली जागा राखतात, नव्याला हाकलतात. त्यामुळे दिवे मालवल्यावर, जुन्यांना पोटभर खायला घालून, दोन-तीन दगडांची जागा बदलून नवा मासा आत घालावा, तोही प्रथम भोके पाडलेल्या पारदर्शक ॲक्रिलिक पेटीत. एक-दोन दिवस पेटीवर कुणी धडका मारत नाही आणि आतला मासा सर्वांदेखत खातो, असे दिसले की पेटीचे दार उघडावे; धडका चालूच राहिल्या, तर पेटी आणखी आठवडाभर तशीच ठेवावी.