साध्या रोड बाइकवर २०० किलोमीटर: एका बीआरएमचा वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्यांसाठी सूचना

ज्या सायकलीवर ही फेरी झाली ती रोड बाइकच्या उतरंडीत अगदी खालच्या पायरीवरची आहे: अ‍ॅल्युमिनिअमची फ्रेम, पोलादी फोर्क, पुढे दोन चेनरिंग (पेडलजवळच्या दातेरी चकत्या) आणि मागे आठ गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा जुडगा) असलेला शिमानो क्लॅरिस संच, रिमला धरणारे ब्रेक आणि बाटल्या, दिवे वगैरे सोडून साधारण ११ किलो वजन. सुरुवातीलाच हे सांगण्याचे कारण असे की, २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला, नाव नोंदवू पाहणाऱ्या कितीतरी लोकांना ‘या सायकलीवर जमेल का’ ही एकच शंका अडवून धरते आणि ती शंका बहुतेक वेळा दुसऱ्या सायकलस्वारांनीच त्यांच्या मनात भरवलेली असते.

नियमांच्या बाजूने पाहिले तर या शंकेला काहीही आधार नाही. ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रान्समधील सायकल क्लबच्या नियमांनुसार होणाऱ्या या फेऱ्यांमध्ये २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. ठरलेल्या थांब्यांवर ठरलेल्या वेळेत पोहोचून कार्डावर शिक्का घ्यायचा असतो आणि पहिला-दुसरा असा क्रमांक कोणालाच दिला जात नाही. सायकल माणसाच्या बळावर चालणारी असावी, अंधारात दिवे लागलेले असावेत आणि अंगावर प्रकाश परावर्तित करणारे जाकीट असावे, हे मुख्यतः पाहिले जाते. थांब्यांसह ताशी १५ किलोमीटरची सरासरी राखली की काम होते आणि ही गती नीट हवा भरलेली, तेलपाणी केलेली कोणतीही रोड बाइक देते.

तरीही पहाटे निघण्याच्या जागी, दिव्यांची तपासणी चालू असताना, एका अनुभवी स्वाराने माझी सायकल वरच्या नळीला धरून उचलून पाहिली, मागच्या डिरेल्युअरवरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागावरचे) नाव वाचले आणि “सुरुवातीला ठीक आहे, पण ही लवकर बदलावी लागेल” असे सांगितले. त्यांच्या मनात वाईट काही नसावे. पण शेजारीच पहिल्यांदा आलेला एक मुलगा आपल्या तशाच साध्या सायकलीजवळ उभा होता आणि हे ऐकून तो थोडा मागे सरकला. मला या शेऱ्यांबद्दल राग आहे तो यासाठीच. ज्याला सायकल चालवायला आवडते त्याला आपण येथे उपरे आहोत असे वाटायला लावणे हे या छंदाचे खरे नुकसान आहे आणि ते करणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही.

पहिले ७० किलोमीटर जवळजवळ सपाट होते. सपाटीवर वेग वाढला की बहुतेक जोर हवेचा विरोध मोडण्यात जातो आणि या विरोधात सायकलीपेक्षा स्वाराच्या अंगाचा वाटा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे कोपर किंचित वाकवून, हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवून बसण्याने जो फायदा होतो तो महागड्या चाकांनी होणाऱ्या फायद्यापेक्षा बराच जास्त असतो. मात्र ही बैठक तासन्‌तास टिकवायची तर सायकल अंगाला बसलेली असली पाहिजे. सीटची उंची ठरवण्याची जुनी रीत आजही चांगली आहे: पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघा योग्य तेवढा वाकतो. सायकल घेताना गिअरचा संच कोणता आहे यापेक्षा फ्रेमचे माप आपल्याला बसते का, हे आधी पाहावे. चुकीच्या मापाची महागडी सायकल हातांना मुंग्या आणते आणि योग्य मापाची साधी सायकल दिवसभर चालवता येते.

घाट ८५ व्या किलोमीटरला सुरू झाला. त्याची लांबी ९ किलोमीटर आणि चढ सुमारे ६०० मीटर. साध्या सायकलीबद्दलची सगळी भीती येथेच साठलेली असते, म्हणून हिशेब मांडतो. स्वार ७५ किलोचा, सायकल ११ किलोची, पाणी आणि सामान ४ किलोचे धरले तर वर न्यायचे ओझे ९० किलो होते. सायकल ८ किलोची असती तर ते ८७ झाले असते, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत फरक. हा घाट मी ताशी ८ किलोमीटरच्या गतीने चढलो, म्हणजे साधारण ६७ मिनिटे लागली. तेवढाच जोर लावून हलक्या सायकलीने दोन-सव्वादोन मिनिटे वाचली असती. शर्यतीत दोन मिनिटे फार मोठी असतात, पण साडेतेरा तासांच्या फेरीत एका बाटलीत पाणी भरायलाही तेवढा वेळ जातो.

घाटात वजनापेक्षा गिअर महत्त्वाचा ठरतो. माझ्या सायकलीला पुढे ३४ दात्यांचे लहान चेनरिंग आणि मागे ३२ दात्यांची सर्वांत मोठी चकती आहे, त्यामुळे ताशी ८ किलोमीटरलाही पाय मिनिटाला ६० वेळा फिरत राहतात. शर्यतीसाठी बांधलेल्या सायकलींवर अनेकदा पुढे ३६ आणि मागे २८ दाते असतात. तेथे त्याच गतीला पाय मिनिटाला ५० पेक्षाही कमी वेळा फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याचा भार गुडघ्यावर येतो. साध्या रोड बाइक बनवणारे सर्वसामान्य स्वाराचा विचार करून हलके गिअर देतात, हा त्यांचा गुण आहे आणि तो कोणी सांगत नाही. टूर द फ्रान्समध्ये डिरेल्युअर वापरण्याची परवानगी १९३७ साली मिळाली, आणि पिरिनीज पर्वतातली तूरमालेची खिंड मात्र स्वार त्याशिवायच १९१० पासून चढत होते, हेही चढताना आठवण्यासारखे आहे. चौथ्या किलोमीटरच्या वळणानंतर चढ थोडा सौम्य होतो. तोपर्यंत उभे राहून पेडल मारण्याचा मोह आवरावा आणि नाकाने श्वास घेता येईल अशाच गतीने चढावे.

माथ्यावर शिक्का घेतला, पाणी भरले आणि लगेच निघालो.

उतारावर रिम ब्रेक सतत दाबून धरू नयेत. त्याने रिम तापते आणि लांब उतारावर आतली ट्यूब फुटण्याचा धोका असतो. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबून वेग कमी करावा, मग सोडावेत आणि वळणात ब्रेकला हात लावू नये. स्वस्त सायकलींबरोबर येणारे ब्रेक पॅड बहुधा कडक असतात. ते काढून चांगल्या रबराचे पॅड बसवले की तोच ब्रेक वेगळा वाटू लागतो, आणि या एका बदलाइतके समाधान फार थोड्या खर्चात मिळते.

परतीच्या वाटेवर १३० व्या किलोमीटरला मागचे चाक हळूहळू बसू लागले. ट्यूब काढून हवा भरली आणि गालाजवळ धरली, तेव्हा सूक्ष्म झोत लागला. टायर चढवताना त्यावरचे नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर येईल असे बसवत असल्यामुळे ट्यूबवरचे छिद्र टायरच्या कोणत्या भागासमोर होते ते ताबडतोब कळले. तेथे आतून बोट फिरवले तर ट्रकच्या फाटलेल्या टायरमधून निघालेल्या पोलादी तारेचा बारीक तुकडा टोचला. बाहेरून तो दिसतही नव्हता. तो चिमट्याने उपटून काढला नसता तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत गेली असती. म्हणून सामानात दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर आणि पॅच यांच्याबरोबर भुवयांचा लहान चिमटा अवश्य ठेवावा.

शेवटच्या ५० किलोमीटरला समोरून वारा होता. त्या टप्प्यात पहाटेचा तो नवा मुलगा भेटला आणि आम्ही आळीपाळीने पुढे राहून अंतर कापले. त्याच्या सायकलीची चेन छान तेल घातलेली होती आणि तिचा आवाजही येत नव्हता. आम्ही दोघेही बारा तासांच्या आत पोहोचलो.

पुढे जाणाऱ्यांनी सायकल बदलण्याआधी टायर बदलावेत. फ्रेममध्ये जागा असेल तर २८ मिलिमीटरचे, लवचीक बाजूंचे टायर घ्यावेत आणि ७५ किलोच्या आसपास वजन असेल तर पुढे ६५ ते ७० आणि मागे ७५ ते ८० पीएसआय हवा ठेवावी. खडबडीत रस्त्यावर त्याहून जास्त हवा भरल्याने वेग वाढत नाही, फक्त हातापायांना हादरे बसतात. नव्या सायकलीचे स्पोक पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये सैल होतात, तेव्हा एकदा कारागिराकडून ताण सारखा करून घ्यावा आणि चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून घ्यावा. मागच्या गिअरची वायर लिव्हरच्या आत जेथे वळते तेथे तिचे धागे तुटू लागतात. गिअर अडखळू लागला तर मोठ्या फेरीआधी ती बदलावी. चेन ०.७५ टक्के लांबली की नवी टाकावी. आठ गिअरची चेन स्वस्त असते, सहज मिळते आणि सहा-सात गिअरच्या सायकलींनाही तीच चालते, त्यामुळे आडवाटेवरच्या दुकानातही अडचण पडत नाही.

एक गोष्ट मात्र खरोखरच विकत घेण्यापूर्वी पाहावी. सर्वांत स्वस्त सायकलींच्या मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) कॅसेटऐवजी आटे असलेले, फिरवून घट्ट बसवायचे फ्रीव्हील असते. त्यात उजवीकडचे छर्रे (बेअरिंग) आतल्या बाजूला असल्यामुळे एक्सलवर ताण येतो आणि वजनदार स्वाराच्या किंवा खराब रस्त्याच्या बाबतीत तो वाकू शकतो. थोडे जास्त देऊन कॅसेटवाला हब मिळत असेल तर तो घ्यावा. हा फरक उपयोगाचा आहे, दिखाव्याचा नाही.

यानंतरची ३०० किलोमीटरची फेरी २० तासांत करायची असते आणि तिचा मोठा भाग अंधारात जातो. हातातले पैसे तेव्हा पुढच्या दिव्यावर आणि सुट्या बॅटरीवर खर्च करावेत. दिवा मध्यम प्रकाशावर किती तास टिकतो हे छापील माहितीवर न सोडता घरी एकदा पूर्ण जाळून पाहावे आणि मगच नाव नोंदवावे.