डावं दार

आबांनी पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. गाडी १९४८ ची. त्यांच्या वडिलांनी नवी कोरी घेतली. आणि ती तांबडी होती. त्यातल्या दोन, साल आणि रंग, मी खोडून काढल्या, त्याही त्यांच्या सुनेसमोर आणि नातीसमोर. त्यातलं काहीतरी खोडायला नको होतं असं आता वाटतं, पण नेमकं काय ते अजून ठरत नाही.

माझं गॅरेज गोव्यात, डिचोलीत. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तोवर आमच्याकडे टिपरच टिपर. क्लच आणि स्प्रिंगपाटे सोडून दुसरं काम करायला वेळच नसायचा. मग टिपर जागच्या जागी उभे राहिले आणि मी जुन्या गाड्यांकडे वळलो. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. हौस मागाहून लागली.

ही पिकअप पंचवीस वर्षं आबांच्या काजूच्या बागेत एका जांभळाखाली उभी होती. घरचा बेत असा की वहिनी, म्हणजे आबांची सून, आणि त्यांची लेक सुट्टीच्या दिवशी स्वतः काम करणार, अवघड तेवढं मी करायचं आणि चवथीला गणपती ह्याच गाडीतून आणायचा. असल्या बोलीला मी सहसा नकार देतो. लोक दोन रविवार येतात, फोटो काढतात, तिसऱ्या रविवारी कुणाचं तरी लग्न निघतं. ह्या दोघी मात्र येत राहिल्या. वहिनी बँकेत आहेत. नखांतलं ग्रीस सोमवारी काउंटरखाली लपवावं लागतं म्हणायच्या.

शेव्हरले आहे हे बॉनेट बघून पोरगंही सांगेल. साल सांगणं वेगळं. १९४७ ते १९५३ ह्या काळात ही गाडी समोरून जवळपास तशीच राहिली. दाराच्या खांबावर पाटी असते, तिथं नुसती रिव्हेटची भोकं उरलेली. इंजिनाच्या नंबरावर मी विसंबत नाही, सत्तर वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं. मग उरतं ते गाडीचं अंग. चाकाला सहा नट, दोन्ही आसांमधलं अंतर ११६ इंच, म्हणजे अर्ध्या टनाची. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, कॅबच्या आत; १९४८ पर्यंत ती हौद्याखाली असायची. कुणी नंतर आत आणली असेल म्हणावं, तर कॅबच्या पत्र्याला तोंडाचं भोक कंपनीचंच, काठ दुमडलेले. उजव्या दाराला पुढची छोटी तिकोनी काच, ती १९५१ पासून आली. पण कडी फिरवायची, बटण दाबायची नव्हे, आणि बटण १९५२ मध्ये आलं. राहिलं एकच साल. डॅशबोर्डच्या खाली, जिथं रंगारी कधी वाकत नाही, तिथं खरवडलं तर गडद हिरवा.

"आबा, ही ५१ ची. आणि तांबडी कधीच नव्हती," मी म्हणालो. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

आबा काही बोलले नाहीत. पुढचे तीन रविवार आले नाहीत.

डाव्या दाराला तिकोनी काच नव्हती, हे मी त्याच दिवशी पाहिलं होतं. म्हणजे दार १९५० किंवा त्याआधीचं. बिजागऱ्या त्याच, त्यामुळे बसतं. भंगारातून आणून लावलंय म्हणालो आणि पुढं गेलो. शिवाय आतल्या पत्र्याला, काचेच्या हँडलखाली, पाच-सहा बारीक पोचे होते, कुणीतरी लोखंडानं ठोकल्यासारखे. असलं रानटी काम बघितलं की माझं डोकं फिरतं. डेंटरला सांगितलं, हे आधी सरळ कर.

सालाची गरज कागदांसाठीही होती. जुना नंबर 'जीडी'चा, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र असतानाचा, पुस्तकाची मुदत कधीच संपलेली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळा नियम आला. त्यात अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन ह्यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. वहिनींनी धरलेला एजंट म्हणाला, कुठलंही साल लिहा, बघतो कोण? अशा माणसांना पैसे देऊन आपण ते काम म्हणून स्वीकारतो, ह्याचं मला नवल वाटतं. वहिनींनी १९५१ लिहिलं.

इंजिनाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहा सिलिंडर, २१६ घनइंच, पेट्रोल. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना आजच्यासारखे तयार शेल नाहीत, बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू थेट ओतलेला. रॉडच्या टोकाला पळीसारखा पत्रा असतो; फिरताना तो तेलात बुडतो आणि तेल उचलून घेतो. त्यामुळे गरम झाल्यावर गेजवर १४ पौंडांच्या आसपास दाब दिसला तरी तब्येत ठणठणीत असते. आजकालच्या मेकॅनिकनं हे पाहिलं तर तो इंजिन उतरवायलाच घेईल. नशिबानं ह्यातलं बॅबिट शाबूत होतं. टोपीखालच्या कागदासारख्या पातळ शिम एकेक काढत, क्रँक हातानं फिरवून बघत, मी आणि नातीनं सहाही रॉड जमवले. दोन रविवार गेले. क्रँक फिरवताना हाताला जो जडपणा लागायला हवा तो सांगून समजत नाही. तिला चौथ्या रॉडला समजला. कुणीतरी मधल्या काळात सहा व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टची बॅटरी लावून गेज आणि बल्ब जाळले होते, त्याबद्दल मी काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. हौद्याच्या फळ्या किंदळाच्या घातल्या. चेसिसच्या आडव्या पट्टीत लाल माती दगडासारखी घट्ट बसलेली होती, छिन्नीनं फोडून काढावी लागली. ही गाडी खाणीवर राबलेली होती, एवढं तरी नक्की.

जुलैतल्या त्या रविवारी पाऊस धरूनच होता. अशा हवेत रंग मारण्यात अर्थ नसतो, म्हणून पाणकागदानं घासायचं काम चाललेलं. नात डाव्या दारावर होती.

"काका, हिरवा येत नाहीये."

जाऊन पाहिलं. वरचा निळा, त्याखाली करडा प्रायमर, आणि त्याखाली तांबडा. उजवं दार आदल्याच आठवड्यात घासलं होतं; तिथं निळ्याखाली सरळ हिरवा होता. मी कागद घेऊन बिजागरीची कड घासली. तिथंही तांबडा. दार गाडीला लावलेलं असताना तिथं नीट रंग जात नाही. म्हणजे हे दार मुळातच तांबडं.

भंगारातलं दारही तांबडं असू शकतं. हे मी तेव्हाही मनात म्हटलं, आजही म्हणतो. पण नात माझ्याकडे बघत होती, आणि वहिनींनी तोवर घरी फोन लावला होता.

आबा रिक्षानं आले. 'बघ, सांगत नव्हतो?' असं काही म्हणाले नाहीत. छत्री झटकून कोपऱ्यात ठेवली, तांबड्या डागावरून अंगठा फिरवला आणि दाराच्या आतल्या बाजूला येऊन स्टुलावर बसले.

"आबा, गाड्या दोन होत्या का?" मी विचारलं.

"मेस्त, मी लहान होतो. बाबा सकाळी घेऊन जायचे, रात्री आणायचे. एक की दोन, मला काय ठाऊक?"

मग म्हणाले, "हँडल कुठं आहे?"

ट्रेमधून काढून दिलं. त्यांनी ते दांड्यावर बसवलं आणि फिरवलं. काच नव्हतीच, नुसतं यंत्र वर-खाली झालं.

"ही अर्ध्यावर अडकायची. बाबा चालवायचे, मी ह्या बाजूला. पाऊस आला की काच चढवायचं काम माझं. सीटखाली पाना असायचा. हँडलच्या खाली, इथं, ठोकायचो, मग चढायची. खड्डे पडलेत म्हणून बाबांनी एकदा कान पिळला होता."

बोलता बोलता त्यांची बोटं हँडलखालच्या पत्र्यावर फिरत होती. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

माझा डेंटर मागेच चहा पीत बसला होता.

"तिथले पोचे ना? काढले मी ते," तो म्हणाला. "बघा की, आता हाताला लागतात का!"