आठपैकी एकच कोअर
स्वतः कंपाइल केलेला लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ८ कोअरच्या प्रोसेसरवर एकच कोअर का दाखवतो, या प्रश्नात आजचा दिवस गेला. एसएमपीचा, म्हणजे अनेक कोअर एकत्र वापरण्याचा, पर्याय चालू होता, सीपीयूंची कमाल मर्यादा ६४ होती आणि बूटच्या ओळीत (सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनांत) कोअर मर्यादित करणारे नोएसएमपी किंवा मॅक्ससीपीयूज यांपैकी काहीही नव्हते. संध्याकाळी जुनी आणि नवी कॉन्फिग फाइल ओळीने ताडून पाहिली, तेव्हा कळले की कर्नल हलका करताना मी एसीपीआयच (फर्मवेअरकडून हार्डवेअरची माहिती घेण्याची आणि वीज नियंत्रित करण्याची व्यवस्था) काढून टाकले होते. ते केवळ बॅटरी आणि वीजबचतीपुरते असते, असा माझा समज होता. प्रत्यक्षात कोअरची यादी फर्मवेअर (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) एसीपीआयच्याच एमएडीटी तक्त्यातून देते, आणि तो वाचता आला नाही तर कर्नल ज्या जुन्या एमपी तक्त्याकडे वळतो, तो हल्लीच्या बहुतेक मशीनवर नसतोच. पुन्हा कंपाइल केल्यावर कोअर मोजणाऱ्या एनप्रॉक कमांडने ८ हा आकडा दाखवला, तेव्हा मनापासून आनंद झाला.