खोडदला फायबर बघायला

पुण्यातून पहाटे साडेपाचला निघालो ते भाच्याच्या हट्टामुळे, आणि त्याचंच बरोबर निघालं. सात वाजून गेल्यावर चाकण गाठलं तर सकाळ तिथेच संपते. नारायणगावात मिसळ हाणली आणि उजवीकडे वळून उसाच्या फडांमधून खोडदला. 28 फेब्रुवारी, विज्ञान दिन, म्हणून जीएमआरटी ही तिथली मोठी रेडिओ दुर्बीण बघायला झुंबड होती. शाळांच्या बस यायच्या आत पोचा, म्हणजे माणसं नीट बोलतात. एरवी जायचं तर आधी परवानगी काढून ठेवा.

माझा धंदा फायबर जोडण्याचा. मोबाइल टॉवरवर अँटेनाजवळ जो डबा असतो, तोच रेडिओ सिग्नलचे आकडे करून फायबरमधून खाली पाठवतो. 20 मेगाहर्ट्झच्या 4जीला, दोन अँटेना धरून, त्या दुव्यावर सेकंदाला 2.4576 गिगाबिट लागतात. त्यामुळे माझ्या मनात पक्कं होतं की इथल्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांखालीही असेच डबे असणार.

स्टॉलवरच्या इंजिनिअर ताई हसल्या. "काका, आपल्याकडे फायबरमधून आकडे येतच नाहीत. अँटेनाचा सिग्नल जसाच्या तसा लेसरच्या उजेडावर चढवतो. आकडे इकडे, मधल्या इमारतीत."

कारण ऐकून मी गप्पच झालो. एडीसीचं, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपचं, घड्याळ आणि त्यामागचं डिजिटल सर्किट स्वतःच रेडिओ गोंगाट करतं. ही दुर्बीण ऐकते 120 ते 1450 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत, म्हणजे नेमकं त्याच गोंगाटाच्या गावात. पाहुण्याच्या कानाशी ढोल कोण वाजवेल? चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या 66 अँटेना मात्र मिलिमीटर लहरी ऐकतात, त्या या गोंगाटापासून लांब. तिथे आकडे अँटेनाजवळच होतात आणि दर अँटेनाकडून सेकंदाला 96 गिगाबिट फायबरवर येतात.

अॅनालॉग दुव्याची किंमत मला कळते. आकड्यांचा सिग्नल थोडा मळला तरी एक तो एक, शून्य तो शून्य. इथे कनेक्टरवरची धूळही सिग्नलमध्ये मिसळते, आणि टोकावरून उलटा फिरलेला उजेड लेसरलाच त्रास देतो. म्हणूनच अशा कामाला तिरकस घासलेली, हिरव्या टोपीची कनेक्टर वापरतात. निळी टोपी म्हणजे सरळ घासलेलं, ते हिरव्याशी जमत नाही. आमच्या पोरांना हे शंभरदा सांगूनही निळं-हिरवं जोडून येतातच!

चौदा अँटेना मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या सोळा वाय आकाराच्या तीन बाहूंवर. प्रकाशाला फायबरमध्ये किलोमीटरला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे 14 किलोमीटरवरून येणारा सिग्नल 70 मायक्रोसेकंद उशिरा. तो उशीर मोजून सगळे सिग्नल एका रांगेत आणायचे, मगच एकमेकांशी गुणायचे. 400 मेगाहर्ट्झचा पट्टा, त्याच्या दुप्पट वेगाने घेतलेले आठ बिटांचे आकडे, आणि दोन ध्रुवीकरणं (लहरीच्या आडव्या-उभ्या कंपनांसारखे दोन वेगळे सिग्नल) धरून मी कागदावर हिशेब केला: अँटेनामागे सेकंदाला 12.8 गिगाबिट, तिसांचे 384. हे सगळं रेडिओ लहरी अडवणाऱ्या, शील्ड केलेल्या खोलीत, गोंगाट बाहेर जाऊ नये म्हणून.

तबकडीजवळ गेलात तर जाळीतून वर बघा, आकाश आरपार दिसतं. मीटरभर लांबीच्या लहरींना तेवढी जाळी भिंतीसारखीच. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ताणलेल्या दोरांवर ही हलकी जाळी बसवली, म्हणून एवढ्या मोठ्या तबकड्या परवडल्या.

फोन बंद म्हणजे बंद, फ्लाइट मोडवर भागवू नका. भाच्याच्या मनगटावरचं घड्याळही काढायला लावलं, ते माझ्या लक्षातच नव्हतं. वायरलेस इअरफोन घरीच ठेवा. टोपी, पाणी आणि वही घ्या. फोटो नसले की चित्रं काढावी लागतात. आणि फायबरचा स्टॉल रिकामा असतो, सगळी गर्दी तबकडीच्या मॉडेलपाशी. तिथे निवांत अर्धा तास मिळतो.

आम्ही गप्पांत संध्याकाळ केली. तुम्ही चारला निघा. आम्हाला चाकणनेच साडेआठ दाखवले.