वहिनीचा थकवा

आज वहिनीचे रिपोर्ट घेऊन तिच्यासोबत डॉक्टरांकडे गेले होते. कित्येक महिने तिचं एकच चाललंय, "अंगात त्राणच नाही गं." जिना चढताना कठड्याला धरून थांबायची, खाली बसली की उठताना हात टेकायची. आणि सगळे म्हणणार, वय झालं, दगदग होते. याचा मला फार राग येतो. बाईच्या दुखण्याला वयाचं नाव दिलं की तपासणीच होत नाही!

व्हिटॅमिन डी निघालं ९. रक्तात मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली गेलं की कमतरता धरतात. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ सुद्धा बघितलं, कारण थकवा त्यांच्यामुळेही येतो. ते ठीक निघाले. डी फार कमी झालं की कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, हाडं ठणकतात, मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. म्हणून ते हात टेकणं.

वहिनी म्हणाली, "पण मी रोज सकाळी खिडकीत बसते हो डॉक्टर." काचेतून उपयोग नाही, त्यांनी सांगितलं. डी तयार करणारे अतिनील किरण काच अडवते, आणि कोवळ्या उन्हात ते फारसे नसतातच. अकरानंतरचं ऊन हवं, हातापायांवर, थोडा वेळ.

६०,००० युनिटची पुडी, आठवड्यातून एकदा, जेवणानंतर दुधातून. आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. मेडिकलमधून मनानेच पुड्या आणून महिनोन्‌महिने घेणाऱ्यांनो, कृपा करून थांबा. अतिरेकाने रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीवर बेततं.