अँजेलिन द बेकर: एक धून कानाने उचलून दुसऱ्याला देईपर्यंत

अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरातलं जुनं फिडल-बँजोचं संगीत कागदावरून शिकायला गेलं की बेचव लागतं. फिडल म्हणजे व्हायोलिनच, आणि बँजो म्हणजे आपला बुलबुलतरंग नव्हे, चामडं ताणलेलं पाच तारांचं वाद्य. सूर बरोबर येतात, पण चाल मरते. म्हणून मी प्रत्येक धून आधी कानाने उचलतो आणि कागद शेवटी काढतो. नवशिक्याने ‘अँजेलिन द बेकर’पासून सुरुवात करावी. सा रे ग प ध एवढेच सूर, म्हणजे भूपाचेच पाच. राग अर्थातच नव्हे, चलन अगदी निराळं. सा म्हणजे डी, हार्मोनियमची पांढरी दोन.

आधी एकच ध्वनिमुद्रण निवडायचं. पाच जणांची पाच रूपं एकदम ऐकली तर डोक्यात सहावंच तयार होतं आणि ते कुणाशीच जुळत नाही. काही वादक उंच सुरांचा भाग आधी घेतात, काही खालचा, म्हणूनही आपला आधार पक्का हवा. व्हर्जिनियातल्या ग्लेन लिनचे फिडलवादक हेन्री रीड (१८८४–१९६८) यांचं वादन ॲलन जब्बूर यांनी १९६६-६७ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. तो संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसने ऑनलाइन खुला केला आहे. एकट्या फिडलचं, गिटारच्या गर्दीशिवायचं वादन ऐकून कान तयार करायला तो फार चांगला.

जुन्या मुद्रणांत एक अडचण हमखास येते. वाद्य सोयीच्या पट्टीत लावलेलं असतं किंवा तबकडी फिरवण्याचा वेग थोडा चुकलेला असतो. डी म्हणून ऐकायला जावं तर सूर डी आणि त्यावरच्या काळीच्या मधे कुठेतरी. अशा वेळी आपलं वाद्य त्याला जुळवत बसू नये, ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादकात पट्टी सरकवून घ्यावी. वेग ७० टक्क्यांपर्यंत खाली आणावा. ५० च्या खाली सूर एकमेकांत मिसळतात आणि गजाची दिशा कळेनाशी होते.

मग पाय ठोकत मोजायचं. बहुतेक धुनांचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. एका भागाचे १६ ठोके, म्हणजे त्रितालाचं एक आवर्तन. अख्खी धून ६४ ठोक्यांची, चार आवर्तनं. मोजताना १७ किंवा १८ आले तर पुन्हा मोजा. तरीही तेवढेच आले तर ती ‘वाकडी’ धून आहे. तिला सरळ करू नये, तो जास्तीचा ठोका तिचाच असतो.

वाद्य हातात घेण्याआधी मी धून गातो, सरगममध्ये, पण फक्त ठोक्यावरचे सूर. हा सांगाडा. मधले भरीचे सूर, घसीट, अलंकार सगळं नंतर. सांगाडा झोपेतून उठवलं तरी म्हणता आला पाहिजे. ही पायरी गाळली की हात अलंकारात गुंततात आणि सम निसटते.

बँजो लावताना सरगम फार उपयोगी पडते. नेहमीच्या ‘जी’ लावणीतून, म्हणजे तारा जुळवण्याच्या रोजच्या पद्धतीतून, चौथी तार डीवरून सीवर उतरवा आणि दुसरी बीवरून सीवर चढवा. बाकी तीन तारांना हात लावायचा नाही. आता पाचवी तार प, चौथी खालचा सा, तिसरी प, दुसरी सा, पहिली रे. दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की हाच सा डी होतो. आखूड पाचव्या तारेपर्यंत कॅपो पोहोचत नाही. ती सातव्या पडद्याच्या खिळ्यात अडकवा किंवा खुंटीने एक पूर्ण स्वर चढवा. कॅपोने तारा किंचित चढतात, म्हणून त्यानंतर पुन्हा एकदा सूर तपासा. वर जाल तसा सूर बिघडत असेल तर दोष बहुधा घोडीच्या जागेत असतो. बाराव्या पडद्यावर हलका स्पर्श करून येणारा आणि दाबून येणारा, हे दोन्ही सूर एक होईपर्यंत घोडी सरकवा.

उजव्या हाताच्या वादनपद्धतीला क्लॉहॅमर म्हणतात, आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. पायाच्या एका ठोक्यात तीन हालचाली. अर्ध्या ठोक्यात तर्जनीच्या किंवा मधल्या बोटाच्या नखाने सुराची तार खाली मारायची. उरलेल्या अर्ध्याच्या पहिल्या तुकड्यात नख तारांवरून फिरतं, दुसऱ्यात अंगठा पाचवी तार सोडतो. लांब, छोटा-छोटा. बोट झटकून मारलं तर आवाज बारीक येतो आणि लय धावते. बोट आकडीसारखं स्थिर ठेवून अख्खा हात खाली यायला हवा. नख तारेवर पडतं त्याच क्षणी अंगठा पाचव्या तारेवर टेकलेला असला पाहिजे. तो मागाहून गेला की पाचवी तार उशिरा वाजते आणि सगळं लंगडतं. मिनिटाला ६० ठोक्यांवर, डाव्या हाताशिवाय, नुसत्या मोकळ्या तारांवर रोज दहा मिनिटं हे करा. नख तुटत असेल तर पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा नखावर चिकटवतात. उपाय गावठी आहे, पण चालतो. आवाज फार घुमत असेल तर चामड्यामागे, मधल्या दांड्याच्या आत, सुती फडकं कोंबा.

फिडलवर हाच बोल गज बोलतो. आपल्याकडे व्हायोलिन शिकलेल्यांना लांब गज आणि मींड यांची सवय असते, इथे ती आड येते. लय गजातून निघते, म्हणून गज मधल्या भागात आणि आखूड हवा. एका ठोक्यात तीन फटके पडतात, तीन ही विषम संख्या, म्हणून पुढचा ठोका उलट्या दिशेने सुरू होतो. नवशिके प्रत्येक ठोक्याला जबरदस्तीने खाली ओढतात आणि अडखळतात. दिशा बदलू द्या. डीसाठी सर्वांत जाड तार जीवरून एवर चढवली तर तळाशी प घुमत राहतो. एच्या धुनांसाठी खालच्या दोन्ही तारा एकेक स्वर चढवतात. मग सा प सा प, जवळजवळ तंबोराच.

बैठकीत हे सगळं कसोटीला लागतं. सगळे एकच धून एकदम वाजवतात, ब्लूग्रास या शैलीप्रमाणे पाळीपाळीने एकल वादन नसतं. अख्खी धून दहा-बारा वेळा झाली की सुरू करणारा पाय उचलतो, म्हणजे ही शेवटची. पट्टी दोन-दोन तास बदलत नाही, कारण बदलली की सगळ्या बँजो-फिडलना पुन्हा लावत बसावं लागतं. आधीच एक बँजो असेल तर दुसरा काढण्यापूर्वी विचारावं. धून माहीत नसेल तर हळू आवाजात फक्त सांगाडा धरावा. दोन धुनांच्या मधे तारा छेडत बसू नये, पुढची धून सांगणाऱ्याचं कुणालाच ऐकू येत नाही.

दुसऱ्याला धून देताना मी दोन मुद्रणं देतो. एक ६० ठोक्यांचं, सांगाड्याचं. दुसरं १०० ते ११० चं, पूर्ण. सुरुवातीला तोंडाने सांगतो: नाव, पट्टी, लावणी, कुणाच्या वादनावरून घेतली. सरगमचा कागद शेवटी, तोही सांगाड्यापुरता.

इतिहासही सोबत द्यावा, हा माझा आग्रह आहे. बँजो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या हातून अमेरिकेत घडला. ही धून स्टीफन फॉस्टर यांच्या १८५० च्या ‘अँजेलिना बेकर’ या गाण्यातून आली. ते मिन्स्ट्रेल रंगमंचासाठी, म्हणजे गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची नक्कल करत त्या खेळांसाठी, लिहिलेलं, मालकाने दूर पाठवलेल्या एका गुलाम स्त्रीबद्दलचं गाणं. गोड चालीखाली हे आहे, ते शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळायला हवं. मी शब्द शिकवत नाही, धूनच शिकवतो, आणि का ते सांगतो.

पुढची धून कोमल गंधाराची घ्यायची असेल तर बँजोची ही लावणी मोडावी लागते. कॅपो काढून जी लावणीवर परत यावं, जीला सा धरावं आणि दुसरी तार बीवरून सीवर, म्हणजे गवरून मवर न्यावी. शुद्ध गंधाराची तार मोकळी राहिली तर प्रत्येक फटक्याला ती कोमल गंधाराशी भांडते.