त्या अस्वलाईले आकाशगंगा कोनं सांगतली?

सिनेमातल्या साम्राज्यांना एक खोड असते. अख्खं आकाश मोकळं पडलेलं असताना आपलं नाजूक यंत्र त्यांना नेमकं कोणाच्या तरी जंगलातच बसवायचं असतं. १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये एक अर्धवट बांधलेला अजस्र अवकाशतळ आहे. त्याला न दिसणारं कवच पुरवणारं जनित्र ठेवलंय एन्डॉरच्या झाडीने भरलेल्या चंद्रावर. त्या झाडीत इवॉक राहतात. कमरेएवढी उंची, अंगभर केस, हातात भाले नि गोफणी, आणि तोंडावळा थेट अस्वलाच्या पिल्लाचा. सम्राटाच्या हिशेबात ती जमात नव्हतीच. त्याच्या नकाशावर तो भाग नुसता हिरवा असणार. आम्ही पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले लोक, हिरव्या रंगाखाली गावं झाकली जातात हे आम्हाला कोणी वेगळं सांगायची गरज नाही.

मग बंडखोर येतात. दोन दिवसांत इवॉक त्यांना सामील होतात आणि साम्राज्य कोसळतं. विज्ञानकथांचा हा जुना मसाला आहे. २००९ च्या 'अवतार'मध्ये तेच, १९६५ च्या 'ड्यून' कादंबरीत जरा वेगळ्या चवीने तेच. प्रश्न एवढाच, की ही जंगलातली, वाळवंटातली माणसं परक्यांच्या लढाईत उतरतात कशासाठी? स्वातंत्र्यासाठी, न्यायासाठी, असं उत्तर सिनेमा देतो. ते मला कधी पटलं नाही, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नव्हतं. सांगितलं ते शेजारच्या आबाजींनी.

आबाजींनी हयातभर गावची गुरं राखली. सकाळी आखरावरून ढोरं हाकलायची, दिवसभर जंगल, दिवे लागणीला परत. यंदाच्या उन्हाळ्यात भाचा आला होता. दुपारी बाहेर जायची सोय नाही म्हणून त्याने धानाच्या पोत्याला टेकवून लॅपटॉप लावला आणि हाच सिनेमा सुरू केला. आबाजी तंबाखू मळत दारातून आत आले आणि बाजेवर टेकले. इवॉकांनी दोराने टांगलेले दोन ओंडके दोन बाजूंनी सोडले आणि त्या दोन पायांच्या लोखंडी यंत्राचं डोकं मधल्या मधे चेपलं, तेव्हा आबाजी खूश झाले. म्हणाले, "येनाचं लाकूड असन. साग असा नाही बसत." मग भाच्याला विचारलं, "हे कायच्यासाठी लढून राहिले गा?"

"आबाजी, अख्ख्या आकाशगंगेच्या स्वातंत्र्यासाठी."

आबाजींनी तंबाखूची चिमूट ओठाखाली धरली, जरा वेळ पडद्याकडे पाहिलं. "त्या अस्वलाईले आकाशगंगा कोनं सांगतली?"

भाचा गप्प. आबाजींचा पुढचा प्रश्न तयारच होता. "त्या पांढऱ्या टोपीवाल्याईनं यांचं काही बंद केलं असन. गवत बंद केलं काय?"

सिनेमात गवताचा उल्लेख नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. आबाजींना तो दिग्दर्शकाचा आळस वाटला. त्यांचं चूक नव्हतं. आबाजींच्या आयुष्यात सरकार म्हणजे दिल्ली किंवा मुंबई कधीच नव्हती, सरकार म्हणजे जंगलखात्याचा नाकेदार. बैल राखीव जंगलात शिरला की कोंडवाडा, कोंडवाड्यातून सोडवायला दंड, आणि दंडावर नाकेदाराची कोंबडी वेगळी. साम्राज्य कोणाला दिसत नाही हो. नाकेदार दिसतो.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वऱ्हाडची पंचाईतच होती. इथे समुद्र कुठला? अकोल्याकडे दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरीचं पाणी वापरून मीठ केलं लोकांनी, हौस भागवली. पण रोज टोचणारा काटा दुसराच होता. जंगल कायद्याने गवत सरकारचं झालं होतं. जनावर माझं, भूक त्याची, गवत देवाने उगवलेलं आणि परवाना साहेबाचा. १० जुलैला वऱ्हाडातले पुढारी बापूजी अणे पुसदच्या रानात गेले आणि विळ्याने गवत कापून अटक झाले. सत्याग्रहाची कल्पना पुढाऱ्यांची होती, हे खरं. पण विळा लोकांच्या घरातलाच होता, त्यामुळे कोणाला काही शिकवावं लागलं नाही. पुढाऱ्यांना वाटलं लोक काँग्रेसला सामील झाले. लोकांना बहुतेक वाटलं असेल, बरं झालं, आपल्या गवताच्या भांडणात आता वकीलही आलेत.

इवॉकांचंही असंच काही असणार. बंडखोर यायच्या आधीच त्यांच्या झाडीत पांढऱ्या चिलखतातले शिपाई हिंडत होते, त्यांच्या आकाशगाड्या झाडांमधून सुसाट पळत होत्या. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला निघालेल्या बाईच्या वाटेत असं काही आलं तर ती आकाशगंगेचा विचार करत नाही. ती फक्त वाट पाहते, यांची खोड मोडणारं कोणीतरी भेटतं का याची. 'ड्यून'च्या लेखकाला हे जास्त कळलं होतं. त्याच्या वाळवंटात राहणारे फ्रेमेन लोक बाहेरून येणाऱ्या राजपुत्राची, म्हणजे कादंबरीच्या नायकाची, वाट पाहत बसलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या ते गुहांच्या पोटात थेंब थेंब पाणी साठवताहेत, कारण कधीतरी त्यांना तो ग्रह हिरवा करायचाय. साठा पिण्यासाठी नाही, नातवंडांसाठी. म्हणजे बेत त्यांचा आधीपासूनचा, राजपुत्र मागाहून आलेला. गोष्ट मात्र राजपुत्राच्या नावाने सांगितली जाते. गोष्ट सांगणारा ज्याच्या खांद्यावर बसतो तो नायक, बाकीचे सामील झालेले.

'अवतार'बद्दल मला फार बोलायचं नाही. ज्या झाडात अख्खी जमात राहते नेमक्या त्याच झाडाखाली मौल्यवान खनिजाचा साठा निघतो, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला दोन वाक्यांत समजतं. आमच्याकडे कोळसा आहे. ते झाड पडताना थिएटरात मागच्या रांगेत कोणीतरी म्हणालं होतं, "मोबदला तरी ठरवाचा होता पहिले."

पण नुसता राग पुरत नाही, हेही तितकंच खरं. रागाला कोणीतरी तोंड द्यावं लागतं, आणि तेही गावाच्या बोलीत. 'जेडाय'मधला माझा आवडता प्रसंग लढाईचा नाहीच. इवॉकांनी आधी या पाहुण्यांना भाजून खायची तयारी केलेली असते. सोन्याच्या रंगाच्या बडबड्या यंत्रमानवाला मात्र ते देव समजतात. रात्री जाळाभोवती गाव जमतं, आणि तो यंत्रमानव त्यांच्याच भाषेत सगळी हकिकत सांगतो. तोंडाने यंत्रांचे, स्फोटांचे आवाज काढतो, हातवारे करतो. पोट्टे तोंड उघडं टाकून ऐकताहेत, म्हातारे माना डोलावताहेत. गोष्ट संपते तेव्हा पाहुणे जमातीचे झालेले असतात. हे पाहून माझ्या कानात खंजिरी वाजायला लागते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरकडे तुकडोजी महाराजांची भजनं चालू होती. झाडाझुडपांची शस्त्रं होतील, भक्तांची सेना होईल, दगडांचे बॉम्ब होतील, असं महाराज गात होते. ओंडके आणि गोफणी घेऊन साम्राज्याशी भिडणाऱ्या इवॉकांचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही, आणि हे भजन सिनेमाच्या चाळीस वर्षं आधीचं. मुंबईचा 'भारत छोडो'चा ठराव चिमूरच्या शेतकऱ्याला कोण वाचून दाखवणार होतं? भजन मात्र त्याच्या तोंडात आधीच होतं. इंग्रजांनाही ते कळलं असावं, त्यांनी महाराजांना पकडून नागपूरच्या आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं.

१६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर उठलं. गोळीबार झाला, माणसं पडली, अधिकारीही मारले गेले. नंतर पलटण आली. पुरुष धरून नेले आणि घरात उरलेल्या बायांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. हा भाग विज्ञानकथा टाळतात. 'जेडाय'मध्ये एक बारीकसा तुकडा आहे तेवढाच. स्फोटात दोन इवॉक कोसळतात, एक उठतो, दुसऱ्याला हलवतो, पुन्हा हलवतो. मग त्याला कळतं. कॅमेरा लगेच पुढे जातो, कारण नायकाला दार उघडायचं असतं.

आणखी एक गोष्ट टाळतात. सिनेमात जमात एका आवाजात 'हो' म्हणते. असं कुठे असतं? मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध गोंड तरुणांचं जंगोम दल उभारलं. १८५८ च्या एप्रिलात त्यांच्या लोकांनी प्राणहितेकडे तारखात्याच्या तळावर चाल केली. सम्राटाचं नाजूक यंत्र तेव्हाही जंगलातच होतं पाहा. त्यांना पकडायला इंग्रजांना मदत झाली ती अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंची, म्हणजे घरच्याच माणसाची. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात त्यांना फाशी दिली, वय २५. लक्ष्मीबाईंना नुसतं फितूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण जमीनदारी वाचवायची तर कोणत्या बाजूला उभं राहायचं, हा हिशेब तिच्यासमोर होता आणि तो तिने केला. एखाद्या इवॉक मुखियानेही केला असता. तो सिनेमा मला बघायचाय.

आणि तिसरं उत्तरही असतंच की. "तुम्ही दोघंही जा." गडचिरोलीच्या आत ज्या गावांनी रात्री बंदूकवाल्याला जेवायला घातलं आणि सकाळी दुसऱ्या बंदूकवाल्याला त्याचा जाब दिला, त्यांना हे उत्तर पाठ आहे. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती एवढंच. बंडखोर म्हटला की तो आपोआप चांगला, हे फक्त तिकीट काढून बघणाऱ्याला परवडतं.

'ड्यून'चा राजपुत्र शेवटी स्वतःच सम्राट होतो आणि पुढच्या भागात त्याच्या नावाने ग्रहोग्रही रक्त सांडतं. आमच्याकडे इतकं भयंकर काही झालं नाही, पण साहेब गेला तरी १९२७ चा जंगल कायदा राहिला आणि नाकेदारही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावच्या लोकांनी 'दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' अशी घोषणा दिली, वर्षानुवर्षं बैठका घेतल्या. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क कागदावर आला. स्वातंत्र्यानंतर ६२ वर्षांनी. त्यातही स्वतःचा बांबू स्वतः विकायचा परवाना मिळायला २०११ उजाडलं.

म्हणून 'जेडाय'च्या शेवटी इवॉक शिपायांच्या शिरस्त्राणांवर ताल धरून नाचतात, तेव्हा आबाजींना करमेना. "नाचाले हरकत नाही," ते म्हणाले, "पन गवताचं लिहून घेतलं काय?" भाच्याने सांगितलं की सिनेमा संपला. आबाजी उठले, बाजेखालचे जोडे पायात घातले, म्हणाले, दुसरा भाग असन तर बलाव.